पोचल्याचा फोन

१

माझा नवरा पराग सोमवारी कुसुमडीला निघाला, की त्याचा पोचल्याचा फोन येईपर्यंत आमच्या घरात केर काढत नाहीत. हा नियम माझ्या आईचा. माणूस वाटेवर असताना मागे केरसुणी फिरवली तर त्याची वाट पुसली जाते, असं ती म्हणायची. आई गिरगावातून लग्न होऊन कलकत्त्याला आली ती असले पाच-पंचवीस नियम पदराला बांधूनच. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, शाळेत भूगोल शिकवून केस पांढरे केले आणि आईचे बाकीचे नियम एकेक करून निकालात काढले. हा तेवढा राहिला. श्रद्धा वगैरे काही नाही. केर तासभर उशिरा निघाला म्हणून जग बुडत नाही, एवढंच.

आमच्या मिनोतीला हा नियम फार आवडायचा. ती केर-फरशीला यायची आणि सोमवारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चहा घेऊन ऐसपैस बसायची. "दादा पौंछे गेछे, बौदी?", दादा पोचले का, असं मधून मधून विचारायची. बौदी म्हणजे वहिनी, म्हणजे मी. इतक्या वर्षांत ती एकच मराठी शब्द शिकली होती, 'पोचलास'. फोन वाजला आणि मी "पोचलास?" म्हटलं, की कप खाली ठेवून ती झाडू उचलायची.

पराग मूळचा मिरजेचा. भट्ट्यांना आतून लावायच्या विटा करणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि कुसुमडीच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या त्याच्या गळ्यात पडलेल्या आहेत. सोमवारी जायचं, गुरुवारी परत. पूर्वी हावड्याहून रात्रीच्या गाडीने जायचा आणि अंग आंबवून परत यायचा. मग तिकडे विमानतळ झाला. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि एक चहावाला, याला विमानतळ म्हणायचं असेल तर. पंख्याचं लहानसं विमान, पाऊण तासाचा प्रवास.

"तुझा भूगोल खोटा पडला बघ," पहिल्यांदा जाऊन आल्यावर पराग म्हणाला. "रात्रभराचं गाव पाऊण तासावर आलं."

"गाव आहे तिथेच आहे," मी म्हटलं. "तू आळशी झालास."

आम्ही कलकत्त्याच्या विमानतळाजवळ, बिराटीला राहतो. थंडीच्या दिवसांत विमानं आमच्या डोक्यावरूनच वर चढतात. मोठी गडगडत जातात, त्यांच्याकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. परागचं विमान मात्र जुन्या शिवणयंत्रासारखं घरघरत जायचं आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. ते गेलं की मी भाजी फोडणीला टाकायची. भाजी शिजून शाळेचा डबा भरून होईतो फोन यायचा. मागे वारा, रिक्षावाल्यांची आरडाओरड आणि मध्ये परागचं "पोचलो ग." कितीतरी सोमवार यात काही बदल झाला नाही.

२

जानेवारीतल्या एका सोमवारी मी कांदा चिरत होते आणि फोन वाजला. पराग.

"पोचलो ग."

"पोचलास?" मी म्हटलं. उंबऱ्यावर कप टेकवल्याचा आवाज आला, मिनोती झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. परागच्या मागे वारा नव्हता, माणसं नव्हती. बंद कपाटात उभं राहून बोलावं तसा आवाज होता. मी फोन ठेवला, सुरी उचलली, आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या.

शिवणयंत्र डोक्यावरून घरघरत गेलं.

मी कांदा तसाच टाकून बाल्कनीत गेले. धुक्यात काही दिसलं नाही. आवाज वर चढत गेला आणि विरला. आत मिनोती सोफ्याखालून झाडू फिरवत होती.

आता, मी भूगोलाची बाई. कारण शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुसऱ्या कुणाचं तसलंच विमान असेल. परागचं आधीच गेलं असेल, मिक्सरच्या आवाजात मला कळलं नसेल. पण मिक्सर मी त्या दिवशी लावलाच नव्हता. तरी मी स्वतःला तसं सांगितलं आणि शाळेत गेले.

गुरुवारी पराग आला तो थकलेला. पायमोजे काढले तर घोटे सुजलेले. गरम पाण्यात पाय सोडून बसला आणि पिठलं-भातावर असा तुटून पडला की मी हसले.

"उपाशी ठेवलं होतं का रे तुला तिकडे?"

"विमानात फार वेळ गेला," तो म्हणाला.

"उशीर झाला?"

"नाही. वेळेवरच उतरलं." मग भात कालवता कालवता थांबला. "पण फार वेळ गेला."

त्याच्या गालावर दाढीचे खुंट होते. पराग रोज सकाळी दाढी करतो, लग्नाच्या दिवशीही त्याने मुहूर्त थांबवून केली होती.

३

पुढच्या सोमवारी फोन त्याहून लवकर आला. त्याच्या पुढच्या सोमवारी मी दूध तापवत होते, तेव्हाच. आणि दर गुरुवारी घरी येणारा पराग आदल्या वेळेपेक्षा जास्त दमलेला. नखं वाढलेली. कानांवर केस आलेले. कॉलरच्या आत मळाची रेघ, जी एका दिवसाच्या शर्टाला पडत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मला आधी आजारपण वाटलं, मग, खोटं कशाला सांगू, कुसुमडीत कुणी बाई असेल असंही वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

मग तो दाट धुक्याचा सोमवार आला. समोरच्या इमारतीचे दिवे दिसत नव्हते. पराग निघून फार वेळ झाला नव्हता आणि फोन वाजला.

"पोचलो ग," तोच कपाटातला आवाज. मी "पोचलास?" म्हटलं. मिनोती उठलीच.

"हो," तो म्हणाला. "केर काढून घे."

इतक्या वर्षांत परागने केराचं नाव काढलेलं नव्हतं. फोन आला की मगच मी केर काढते, हे त्याला मी कधी सांगितलं होतं का, तेही मला आठवेना. फोन ठेवला आणि लगेच त्याच्याच नंबरवर उलटा लावला. या वेळी मागे गर्दी होती, बंगालीत, हिंदीत उद्घोषणा चालली होती.

"काय ग?" पराग म्हणाला. "अजून इथेच बसलोय, दमदमला विमानतळावरच. धुकं उठल्याशिवाय सोडत नाहीत."

"मग मघाशी फोन केलास तो?"

"मी कुठे केला?"

बाहेरच्या खोलीत केर निघत होता. मी ओरडून मिनोतीला थांबवलं, पण ती दारापर्यंत पोचली होती, सुपलीत सगळं गोळा झालं होतं. कुसुमडीला परागच्या हाताखाली सुमित म्हणून एक हुशार मुलगा आहे. मी त्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, साहेब आले का.

"कधीच आले, काकू," सुमित म्हणाला. "इथे समोरच बसलेत. देऊ का?"

मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते विचारू नका. समोर बसलेला माणूस फोनवर आला असता, तर मी काय बोलले असते?

४

गुरुवारी मी परागला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय चाललंय?

त्याचे पाय घमेल्यात होते. दाढी चांगली वाढलेली, आणि तिच्यात पांढरे केस होते, जे सोमवारी नव्हते.

"जाताना काय, येताना काय, घड्याळात पाऊण तासच होतो," तो हळूहळू म्हणाला. "पण श्यामल, त्या पाऊण तासात मी झोपतो. उठतो, पुन्हा झोपतो. बाहेर नुसतं पांढरं. भूक लागून मरते. शेजारी कोण होतं ते आठवेनासं होतं. आणि उतरतो तेव्हा कारखान्यात सगळे म्हणतात, मघाशीच तर आलात की साहेब. टेबलावर माझं काम झालेलं असतं. माझ्याच अक्षरात."

"आणि तो? आधी आलेला?"

"मी पोचलो की तो नसतो. पण दर वेळी मी आणखी उशिरा पोचतो." त्याने माझ्याकडे बघितलं. परागला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "एखाद्या वेळी पोचलोच नाही तर?"

मी त्याचा हात धरला. हा वेंधळा, हट्टी, गुळगुळीत दाढीचा माणूस मला हवा होता. घोटे सुजलेले असोत, भुकेलेला असो, पण हाच. मी म्हटलं, सोड ते विमान, हावड्याहून गाडीने जात जा. तो लगेच हो म्हणाला. फक्त येत्या सोमवारी नवी भट्टी पेटायची होती, ती तारीख हलणार नव्हती आणि गाडीची तिकिटं मिळत नव्हती. एवढी एकच खेप.

त्याला केराचं मी सांगितलं नाही. मिनोतीलाही नाही. सुशिक्षित बाईने कामवालीला काय सांगायचं, की गेले काही सोमवार तू माझ्या नवऱ्याची वाट झाडून टाकते आहेस? मनाशी ठरवलं, या सोमवारी फोन आला तरी घेणार नाही. घेतला तरी तो शब्द उच्चारणार नाही.

५

सोमवारी पराग बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरला. दाढी केलेली, पण गाल आत गेलेले. "येतो," म्हणाला. जाळीचं दार सरकलं, लिफ्ट खाली निघाली आणि माझ्या हातातला फोन वाजला.

त्याचंच नाव. लिफ्ट अजून दुसऱ्या मजल्यावरही पोचली नसेल. मला वाटलं, काहीतरी विसरला असेल, चष्मा, औषधाची डबी. साध्या सवयीने मी फोन कानाला लावला.

"पोचलो ग."

मी धावत बाल्कनीत गेले. खाली गाडी उभी होती. पराग इमारतीतून बाहेर आला, बॅग डिकीत ठेवली, वर बघून हात केला. हात रिकामा होता. दुसराही. आणि माझ्या कानात तोच आवाज, शांत, अगदी जवळ: "पोचलो. केर काढून घे."

"पोचलास?" मी किंचाळले. "कुठे पोचलास? कोण आहेस तू?"

फोन बंद झाला. खाली पराग दार उघडून आत बसत होता. मी हाक मारणार, तेवढ्यात मागे सरसर आवाज आला. एक लांब फटकारा, मग दुसरा, खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे.

मी वळून तिच्या हातातला झाडू हिसकावला, तेव्हा मिनोती नुसती बघत राहिली. "तुम्हीच तर म्हणालात, बौदी," ती म्हणाली. "पोचला म्हणून." तिची काय चूक? उलट आज मी तिला थांबवायला तोंड उघडायच्या आत तिने काम उरकत आणलं होतं. मी परत बाल्कनीत गेले. गाडी गल्लीच्या टोकाशी धुक्यात शिरत होती. मी फोन लावत राहिले. लागत नव्हता.

बऱ्याच वेळाने काचा थरथरल्या. विमान डोक्यावर आलं, वर चढलं. मी आवाज विरायची वाट बघत उभी राहिले. मिनोती फरशी पुसून निघून गेली. तो आवाज बारीक झाला, पण विरला नाही.

६

गुरुवारी पराग आला.

तुळतुळीत दाढी, गाल भरलेले, शर्टाला सोमवारची इस्त्री. बूट काढले तर तळव्यांना कुसुमडीची तांबडी माती नव्हती, कसलीच माती नव्हती. मी पाण्याचं घमेलं आणलं. "कशाला?" तो म्हणाला. "दमायला काय झालंय, आत्ता तर निघालो." जेवायला बसला, वाढलं तेवढं सगळं जेवला, पण त्याला भूक नव्हती. भुकेलं माणूस कसं जेवतं ते बायकोला कळतं.

मी आडून आडून विचारलं. मिरजेच्या घराचं, लग्नात रुसलेल्या मावशीचं, आम्हाला न झालेल्या मुलाचं ठरवून ठेवलेलं नाव. सगळं बरोबर सांगितलं. तेव्हा मला वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. शाळेत रजा टाकली. डॉक्टरांकडे जायचं मनात आणलं.

पण एक गोष्ट होती. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत गेले, तर तो बाल्कनीत. तिथून झोपायच्या खोलीत गेले, तर तो पलंगाच्या कडेला बसलेला. त्याला उठताना मी पाहिलं नाही, चालताना पाहिलं नाही, पाऊल कधी वाजलं नाही. मी जिथे जाईन तिथे तो आधी पोचलेला असायचा आणि माझ्याकडे प्रेमाने बघायचा. घरातलं घरात जायची मला भीती वाटायला लागली. दुपारभर मी एकाच खुर्चीत बसून राहायची.

एक दिवस तो समोर बसला असताना मी पदराआड परागचा नंबर लावला. त्याचा फोन टेबलावर पडला होता. तो वाजला नाही. माझ्या कानात मात्र कुणीतरी फोन उचलला. बोललं कुणी नाही. खूप दूरवर शिवणयंत्राची घरघर चालली होती आणि तिच्यात माणसाचा श्वास होता, झोपेतला, थोडा घोरणारा. तो श्वास मी पंचवीस वर्षं उशाशी ऐकलाय.

मी फोन बंद केला. समोरचा माणूस हसला. मी त्याच दिवशी कुसुमडीच्या विमानाचं तिकीट काढलं. वर विमानात अडकलेल्या माझ्या परागला खाली उतरवायचं, एवढंच डोक्यात होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

७

विमानात जेमतेम वीस माणसं. शेजारी एक ओडिया बाई होती, मांडीवर मिठाईचा खोका. विमान उठलं, बिराटीवरून गेलं असेल, मला धुक्यामुळे काही दिसलं नाही. मी कपाळ काचेला टेकवून बसले. नुसतं पांढरं. परागने सांगितलं होतं तसंच.

निम्मी वाट झाली असेल. विमानाचा आवाज मला दुहेरी ऐकू यायला लागला. आधी वाटलं कान बसले. मग पांढऱ्यात काही काळपट दिसलं, ते हळूहळू जवळ आलं, आणि आमच्यासारखंच एक पंख्याचं विमान शेजारून चालायला लागलं. इतकं जवळ, की त्याच्या खिडक्या मोजता आल्या असत्या. मी शेजारच्या बाईकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

त्या विमानात सगळ्या जागा रिकाम्या होत्या. एका खिडकीला मात्र एका म्हाताऱ्याने डोकं टेकलं होतं. पांढरी दाढी छातीवर आलेली, मनगट काडीसारखं. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट होता, कॉलर विरून लोंबत होती. तो शर्ट दुर्गापूजेच्या दिवसांत मीच घेतला होता.

मी काचेवर हात मारला. त्याने डोळे उघडले. मला ओळखायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याचा चेहरा उजळला. मला बघून त्याला वाटलं, आलं घर.

त्याने पट्टा सोडला. धडपडत उठला, वरच्या खणातून बॅग ओढून काढली, छातीशी धरली. उरलेसुरले केस पंज्याने सारखे केले. आणि चालायला लागला. एका खिडकीतून दिसेनासा झाला की पुढच्या खिडकीत दिसायचा, प्रत्येक खिडकीशी वाकून मी आहे ना ते बघायचा, हसायचा आणि पुढे दाराकडे जायचा.

"नको!" मी ओरडले. "अरे बस खाली! पराग, अजून नाही!"

शेवटच्या खिडकीत तो दिसला. त्याने एका हाताने बॅग सावरली आणि दुसरा हात दाराच्या कडीकडे नेला. आमचं विमान एका अंगावर कललं, मध्ये ढग आला.

शेजारच्या बाईने माझे दोन्ही हात घट्ट धरले होते आणि ती आपल्या भाषेत काहीतरी समजावत होती. खाली तांबडी जमीन दिसायला लागली. एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, आणि शेडबाहेर, माझ्याही आधी पोचून, वाट बघत उभा असलेला एक माणूस.